शनिवारची नखं

आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घालून चारच दिवस झाले होते. शनिवारची सकाळ, मी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होतो आणि ती एकदम म्हणाली, "आज छावनीला तू जा. पिशवी खुंटीला आहे." पिशवीत काय असतं ते मला ठाऊक होतं. एक साधा नेलकटर, एक पकडीसारखा जाड नेलकटर, कानस, धुऊन धुऊन मऊ झालेला टॉवेल, जाड मिठाची पुडी, खोबरेल तेलाची लहान बाटली आणि टॉर्च. गेली दहा वर्षं एक आड एक शनिवारी आई ही पिशवी घेऊन आत्याकडे जाते, तिच्या पायांची नखं कापते आणि परत येते. "मी नाही जाणार," मी म्हणालो. आई काही बोलली नाही. डाव्या हातात चमचा धरून पोहे खात राहिली, निम्मे तोंडात, निम्मे टेबलावर. शेवटी मीच चिडून विचारलं, "तुझी प्रीती आहे का तिच्यावर? खरं सांग." 'प्रीती' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्याकडे तो फक्त चर्चमध्ये आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, असतो, घरात कुणी म्हणत नाही.

"नाही," आई म्हणाली.

"मग कशाला जातेस?"

"सांगितलंय ना."

एवढंच. गोळी जेवणानंतर घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्याच सुरात. कोणी सांगितलंय हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. ते विचारणं म्हणजे आपल्या घराचा पत्ता विचारण्यासारखं झालं असतं. मी चरफडत पिशवी काढली, स्कूटर काढली आणि निघालो. पण सुदामा नगरहून महू नाका, कलेक्टोरेट, जुनी इंदूर करत छावनीला पोहोचेपर्यंत ते 'सांगितलंय ना' डोक्यात खडखडत राहिलं, डब्यात एकच सुपारी असावी तसं. ते अजून थांबलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं, पण थोडंच, कारण घराघरांत असतं तेच आहे. बाबा 2011 साली गेले. माती देऊन आम्ही घरी आलो, अंगणात खुर्च्या अजून मांडलेल्या होत्या, पाळकसाहेब चहा घेत होते, आणि आत्याने सगळ्यांसमोर आईकडे कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. कपाटात आजोबांच्या घराचे कागद होते. पुढे काय झालं ते तुम्हीही सांगू शकाल. घर तिच्या नावावर झालं, आम्ही सुदामा नगरला आलो. चार वर्षं चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसणं, प्रभुभोजनाला एकाच रांगेत आणि बोलणं शून्य. मग एका रविवारी आईने पाहिलं की आत्या लंगडतेय आणि तिने चपलेचा पुढचा पट्टा ब्लेडने कापून ठेवलाय. आई मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. साखरेच्या पेशंटचा पाय दुरून बघूनही तिला कळतो. पुढच्या शनिवारी ती पिशवी घेऊन गेली. समेट झाला नाही. आत्याने माफी मागितली नाही, आईने मागायला लावली नाही. घराचा विषय आजही निघत नाही. फक्त नखं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की आई काही तिथून तेजःपुंज चेहऱ्याने परत येत नाही. कित्येक शनिवारी ती येते ती भांडी आपटत. "मेली ती बाई, एक शब्द धड बोलेल तर शपथ," हे मी स्वयंपाकघरातून अनेकदा ऐकलंय. शेजारच्या काकू एकदा हळूच म्हणाल्या होत्या की शनिवारी नखं कापत नाहीत हो, घरात भांडणं होतात. आई म्हणाली, "भांडणं आधीच झालीत. आता काय व्हायचं राहिलंय?" शनिवार तिने का धरला याचं कारण साधं आहे. रविवारी उपासना, आणि बाकीच्या दिवशी मी बँकेत. तिला स्कूटरवरून सोडायला कोणी नसतं. म्हणजे दहा वर्षं मी तिला त्या दाराशी सोडत होतो आणि आत एकदाही गेलो नव्हतो. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत थांबायचो.

आजोबांच्या त्या घरात दिवाणाच्या वरच्या भिंतीवर काळ्या मखमलीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं एक वचन होतं. आजीने भरलेलं. 'माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल.' योहान 14:15. आजोबा नगरचे. मिशनच्या शाळेत मास्तरकी करायला ते इंदूरला आले, म्हणजे नगर सोडून अहिल्यादेवींच्या गावात. आता नगरचंच नाव अहिल्यानगर झालंय. आजोबा असते तर खूप हसले असते. चर्चची भाषा इथे हिंदी झाली, शाळेची हिंदी, बाजाराची तर हिंदीच. पण घरची प्रार्थना, गायनं आणि रागावणं आजोबांनी शेवटपर्यंत मराठीत ठेवलं. दहा आज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांसारख्या पाठ होत्या. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि डोळे मिटून म्हणायच्या असल्या तरी मी एक डोळा उघडा ठेवून ती मखमल बघायचो, कारण 'पाळाल'मधला 'ळ' आजीचा थोडा बिघडला होता, तो कुठल्या तरी पक्ष्यासारखा दिसायचा.

ते वचन मला कधी आवडलं नाही.

कारण ते मला बाबांच्या आवाजात ऐकू यायचं. बारावीनंतर मला चित्रकला शिकायला जायचं होतं. बाबा ओरडले नाहीत, त्यांनी हात उगारला नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "बापावर जीव असेल तर बँकेची परीक्षा देशील." मी दिली. पासही झालो, हाच त्यातला सगळ्यात वाईट भाग. तेहतीस वर्षं नोटा मोजतोय आणि अजून कधी कधी स्लिपच्या मागे समोरच्या माणसाचं नाक काढतो. 'प्रेम असेल तर ऐकशील' हे वाक्य ज्यांच्यावर चालवलं गेलंय त्यांना त्याची धार कुठे असते ते बरोबर माहीत असतं. तरीही चार वर्षांपूर्वी मुलगी पुण्याला नोकरीसाठी निघाली तेव्हा तेच वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडून बाहेर पडलं. "माझ्यासाठी एवढंही नाही करणार?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू येतंय का तुम्ही काय म्हणताय ते?" ती गेली. बरं झालं गेली. पण तेव्हापासून मला वाटायला लागलं की जगातले सगळे बाप ज्याच्याकडून हे वाक्य उचलतात त्याच्याकडे एकदा नीट बघायला हवं.

आमच्या मंडळीत उपवासकाळात बुधवारी शास्त्राभ्यास असतो. एका वर्षी योहान 14 चालू होता आणि पाळकसाहेबांनी एक गंमत सांगितली. मूळ ग्रीक हस्तलिखितांत या वचनात एका अक्षराचा फरक सापडतो. काहींत 'माझ्या आज्ञा पाळा' असं बजावलंय, काहींत 'पाळाल' असं पुढचं सांगितलंय. आपल्या मराठीने 'पाळाल' घेतलंय. मला ते ऐकून आजीचा तो पक्षी झालेला 'ळ' आठवला. 'पाळाल' दोन्ही प्रकारे म्हणता येतं. मास्तर छडी वाजवत म्हणतो तसं: पाळाल ना! आणि माळी रोप लावताना म्हणतो तसं: पाऊस झाला की रुजेल. मी ते आयुष्यभर पहिल्या सुरातच ऐकत आलो होतो. दुसरा सूर त्या शब्दात बसू शकतो हे पन्नाशीत कळलं. शिवाय हे वाक्य कोण कधी बोलतोय ते बघा. थोड्या वेळापूर्वी येशूने गुडघ्यांवर बसून या सगळ्या शिष्यांचे पाय धुतलेत. त्यातला एक त्याला विकून उठून बाहेर गेलाय. बाहेर रात्र आहे आणि उद्या दुपारी तो मेलेला असणार आहे. बाबांकडे घर होतं, पगार होता, रागावून अबोला धरायची ताकद होती. याच्याकडे देण्यासारखं किंवा काढून घेण्यासारखं काहीच उरलेलं नाही. अशा माणसाने 'प्रीती असली तर' म्हणणं आणि बाबांनी म्हणणं एकच का, याचा मी अजून विचार करतोय.

मग भाषेचं. हिंदी शास्त्रात तिथे 'मानोगे' आहे. आज्ञा मानना. मानणं डोक्यात होतं, मान हलवली की झालं. मराठीत आज्ञा पाळायची असते. आणि आपण मराठीत काय काय पाळतो! गाय पाळतो, कोंबड्या पाळतो, दिलेला शब्द पाळतो, पथ्य पाळतो. पाळीव जनावराला रोज वैरण घालावी लागते, गोठा झाडावा लागतो, आपल्याला ताप असला तरी दूध काढावं लागतं. तुमचा मूड नाही म्हणून म्हैस थांबत नाही. आमच्या धर्मगुरूलाही आपण पाळक म्हणतो. आईने आज्ञा 'मानली' असती तर एकदा जाऊन आत्याला मिठी मारून आली असती, आम्ही सगळे रडलो असतो आणि नखं वाढतच राहिली असती. तिने ती आज्ञा पाळलीये. दर पंधरा दिवसांनी चारा घालावा तशी.

हे सुचल्यावर मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट आठवली आणि खुशी उतरली. शाळेत असताना नंदलालपुऱ्यात माझा एक जिवलग मित्र राहायचा. वाडा, मधे चौक, चौकात तुळस. त्याची आजी मला बघून मनापासून हसायची, लाडू द्यायची. पण मला पाणी द्यायचं ते एका वेगळ्या ॲल्युमिनियमच्या पेल्यातून. तो पेला कोनाड्यात पालथा असायचा. मी प्यायलो की मीच विसळून पालथा घालायचा. ती वाईट बाई नव्हती. ती पाळत होती. तिलाही कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या सासूने, सासूच्या सासूने. मराठीत विटाळही पाळतात, शिवाशिवही पाळायचे. म्हणजे नुसत्या पाळण्यात काही पुण्य नाही. सगळा प्रश्न तो पेला कुणी सांगितला, याचा आहे. ॲल्युमिनियमच्या पेल्यातल्या पाण्याला एक चव असते, दाताला लागणारी, ती मला आजही जिभेवर येते.

आणि आमच्याकडे सगळं धुतल्या तांदळाचं होतं असंही कुणी समजू नये. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग तिथल्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडायला लागले. बाईंनी नम्र व्हावं, सांगतील ते ऐकावं अशी मंडळींची अपेक्षा. रमाबाईंनी पत्रांतून कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता त्याच जातीचं दुसरं चढवून घेणार नाही. धर्माधिकाऱ्यांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मान्य करायला मी बांधलेली नाही. आमच्या घरात रमाबाईंचं नाव मोठ्या आदराने निघायचं, पण ही पत्रं आजोबांनी कधी सांगितली नाहीत. मास्तर माणूस, त्यांना ते गैरसोयीचं असणार. पुढे हीच बाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सगळं शास्त्र तिने साध्या मराठीत उतरवलं. 1922 साली त्या गेल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. मला नेहमी वाटतं की आज्ञा पाळायची तर ती आधी आपल्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे, मधल्या माणसाच्या आवाजात नको, हे बाईंना त्या सिस्टरांमुळेच पक्कं कळलं असणार. असं त्या कुठे म्हणाल्या आहेत असं नाही. हा माझा अंदाज.

इंदूरमध्ये राहून 'आधी प्रेम की आधी आज्ञा' हा प्रश्न पडला तर उत्तर खरं म्हणजे रोज सकाळी दारात येतं. कचऱ्याची पिवळी गाडी, तिचं ते गाणं, आणि बायका-पुरुष दोन दोन डबे घेऊन धावताहेत. ओला वेगळा, सुका वेगळा. 2017 साली शहर पहिल्यांदा देशात पहिलं आलं आणि मग वर्षामागून वर्षं येत राहिलं. सुरुवातीला काय होतं? दंड. आमच्या गल्लीत काय शिव्या घातल्या होत्या लोकांनी. आता छप्पन दुकानला कचोरी खाऊन कुणी पाहुण्याने कागद खाली टाकला तर चार भिया, म्हणजे इथले भाऊलोक, त्याच्याकडे असे बघतात की तो स्वतःच उचलतो. भीतीने सुरू झालं, सवय लागली आणि आता शहराचा जीव त्यात अडकलाय. मला हा दाखला आवडतो, पण पुरता पटत नाही. कचरा माझ्याविरुद्ध कोर्टात गेलेला नसतो. कचऱ्याने माझ्या आईकडे किल्ल्या मागितलेल्या नसतात.

त्यापेक्षा दुसरी गोष्ट, तीही याच गावची. सिस्टर राणी मारिया. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकाराच्या कर्जातून बाहेर कसं पडायचं, बँकेत पैसे कसे ठेवायचे हे लोकांना शिकवायच्या. ते ज्यांना नको होतं त्यांनी एका तरुणाला पुढे केलं. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर, त्याने त्यांना भोसकलं. अंगावर 54 जखमा होत्या. काही वर्षांनी त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, सेल्मी पॉल, राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. सुटून आल्यावर तो केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला, तेव्हा त्या म्हातारीने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात मोठ्या मैदानावर सिस्टरांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, म्हणून जाहीर केलं. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट, संतबिंत आमच्याकडे फारसं चालत नाही, पण बँकेतल्या एका कॅथलिक मित्राबरोबर मीही गेलो होतो. हजारो माणसं, मल्याळी, आदिवासी, पांढरे झगे, ढोल. तो शनिवार होता. आईला विचारलं होतं, चल म्हणून. "आज नखं आहेत," ती म्हणाली.

तेव्हा मला राग आला होता. एवढा सोहळा सोडून नखं! आता त्या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी बसायला लागल्यात आणि मला ते थोडं अवघड जातं. कारण शत्रूवर प्रीती करा हे वाचताना मला कायम काही तरी प्रचंड, चौकातल्या पुतळ्याएवढं डोळ्यासमोर यायचं. खुनी, तुरुंग, राखी. आपल्याला कोण भोसकणार, म्हणून ती आज्ञा आपल्यासाठी नाहीच अशी माझी सोय होती. सेल्मी सिस्टरना राखी बांधताना मनात प्रेम दाटून आलं होतं की नुसता हात थरथरत होता, हे कोण सांगणार. गाठ मात्र बसली.

तर त्या शनिवारी मी गेलो. आत्याने दार उघडलं, माझ्यामागे जिन्याकडे बघितलं, आई दिसली नाही तसं म्हणाली, "हात मोडला म्हणे." आत तेच. तोच दिवाण, भिंतीवर मखमल, उन्हाने करडी पडलेली, आणि पक्ष्यासारखा 'ळ'. मोरीतून टब आणला. आईने चार वेळा बजावलं होतं की पाणी हाताने बघू नकोस, कोपराने बघ; तिच्या पायाला चटका कळत नाही, भाजलं तरी ती सांगणार नाही. कोपर बुडवून बघितलं, थंड पाणी घातलं, पुन्हा बघितलं. मीठ टाकलं. दहा मिनिटं आम्ही दोघं गप्प बसलो. पंख्याचा आवाज, खालच्या गल्लीत भाजीवाला. मग टॉवेल मांडीवर पसरला आणि म्हटलं, "पाय इकडे."

तिने पाय दिला नाही. सांगतो ते खरं सांगतो, अर्धा मिनिट तरी तिने पाय टबातून काढला नाही. ती भिंतीकडे बघत होती. आणि मला एकाएकी येशूचा शिष्य पेत्र आठवला, 'तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत' म्हणणारा. हे चित्र मला इतकं आयतं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. मी काही प्रभू नव्हतो, सकाळी 'नाही जाणार' म्हणून भांडून आलेला भाचा होतो. पण एक गोष्ट मला तिथे, त्या टबाशी बसल्यावरच दिसली. दहा वर्षं मी आईच्या जाण्याचाच हिशोब करत होतो. या बाईने, जिने सगळ्या मंडळीसमोर किल्ल्या मागितल्या, दर पंधरा दिवसांनी त्याच भावजयीच्या मांडीवर आपला सुजलेला, वास येणारा पाय ठेवलाय. तिला काय वाटत असेल? तिलाही कुणीतरी काही सांगितलं असेल, आणि तीही चरफडत पाळत असेल, भांडी आपटत असेल आमच्या मागे. ती मखमल तर तिच्याच डोक्यावर आहे रात्रंदिवस.

मग तिने पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. अपेक्षेपेक्षा खूप जड होता आणि गार. नखं जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी पिवळी, अंगठ्याचं तर खोबऱ्याच्या काचऱ्याएवढं जाड. साधा नेलकटर त्यावर चालेना. जाड काढला. सरळ कापायचं, गोलाई द्यायची नाही, कोपऱ्यात शिरायचं नाही, कातडीला लागलं तर जखम भरत नाही, हे सगळं आईच्या आवाजात डोक्यात चालू. टॉर्च आत्यानेच धरला. पहिलं नख 'टक्' करून तुटलं आणि उडून दिवाणाखाली गेलं. "शोध ते. कुणाच्या पायात घुसेल," आत्या म्हणाली. कुणाच्या, त्या घरात तिच्याशिवाय कोण राहतं? मी ओणवा होऊन शोधलं. दहा नखांना पाऊण तास लागला. चौथ्या-पाचव्या नखाला माझ्या लक्षात आलं की मी किल्ल्यांबद्दल विचार करत नाहीये. मी फक्त त्या नखाबद्दल विचार करत होतो. प्रीती बिती काही वाटली नाही. उगाच वाटली म्हणणार नाही. पण दुसऱ्याचं नख कापताना त्याचा पाय दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्याला इलाज नाही, आणि तितका वेळ तरी त्याचं वाईट चिंतणं जमत नाही, निदान मला जमलं नाही. डाव्या अंगठ्याच्या कडेला मात्र हात थांबला. तिथे नख मांसात वळल्यासारखं दिसत होतं. घाबरून तेवढा तुकडा तसाच सोडला आणि कानशीने वरवर घासलं. तेल लावताना ती म्हणाली, "तुझ्या बापाचीही अशीच होती. दगड." बास. चहा विचारला नाही.

घरी आलो तर आईने एकच विचारलं, "कोपर बुडवलंस ना?" मग तिने पिशवीतला टॉवेल बाहेर काढून वाळत घालायला लावला. मला तिला बरंच विचारायचं होतं. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की 'त्याच्या आज्ञा कठीण नाहीत'. मला ते वाचून नेहमी वाटतं की हे लिहिणाऱ्याला आत्या नसणार. तू त्या भांड्यांवर राग काढतेस तो कशाचा? आणि समज, मखमलीवरचं ते वचन आजीने भरलंच नसतं, तर गेली असतीस का? पण ती डाव्या हाताने टॉवेलाला चिमटा लावायचा प्रयत्न करत होती, तो काही लागेना. मी उठून लावला.

प्लास्टर सहा आठवड्यांनी काढलं. हात आत वाळून काडीसारखा झाला होता, कातडी पांढरट, खवल्यांची. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिलाय. तो दाबत ती टीव्ही बघते आणि दर दोन मिनिटांनी "भिकार चेंडू" म्हणते. परवाच्या शनिवारी पोहे झाल्यावर ती उठली, खुंटीवरून पिशवी काढली आणि जाड नेलकटर हातात धरून हवेतच दाबून बघितला. तोंडं जुळेनात. तिने पुन्हा दाबला. मग पिशवी टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि पोह्यांच्या ताटल्या उचलायला लागली. मी पिशवी घेतली.

आत्याने दार उघडलं, माझ्यामागे जिन्याकडे बघितलं. "अजून नाही का हात बरा तिचा?" म्हणाली. मी म्हटलं, वेळ लागेल. ती दिवाणावर बसली, सलवार घोट्यापर्यंत वर केली आणि आपला डावा पाय स्वतःच पुढे सरकवला.

"मागे अंगठ्याची कड ठेवलीस. मोज्यात अडकते."

मी टब भरला. कोपर बुडवून बघितलं. अजून गरम होतं.